६३० मीटरवर व्हिस्पर बीकन: रेघ दिसते पण डिकोड होत नाही

मकाशेत

मंडळी नमस्कार. मी अमेरिकेत आयोवात राहतो, गावाबाहेर घर आहे आणि मागे अर्धा एकर मोकळी जागा, त्यामुळे यंदाच्या हिवाळ्यात ६३० मीटर बँडवर (४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ) स्वतः बनवलेला व्हिस्पर बीकन (आपलं कॉलसाइन, जागा आणि पॉवर अगदी हळू पाठवत राहणारा ट्रान्समीटर) चालवायचाच असं ठरवलं होतं. इथे हा बँड वापरण्याआधी युटिलिटीज टेक्नॉलॉजी कौन्सिलला कळवावं लागतं आणि ३० दिवस थांबावं लागतं, कारण वीज कंपन्या हाय टेन्शन लाइनवरून याच भागातल्या फ्रीक्वेन्सीवर कंट्रोल सिग्नल पाठवतात. ते सगळं केलंय, हरकत आलेली नाही.

आता सेटअप सांगतो. अर्दुइनो आणि फ्रीक्वेन्सी बनवणाऱ्या एसआय५३५१ चिपचं छोटं बोर्ड, त्यातून १९०२.८ किलोहर्ट्झ काढतो, पुढे ७४एचसी७४ चिपमधल्या दोन्ही फ्लिपफ्लॉपमधून चारने भागून ४७५.७ किलोहर्ट्झ, म्हणजे पक्का ५० टक्के ड्यूटीचा स्क्वेअर वेव्ह मिळतो आणि दोन उलट फेज आयत्या मिळतात. मग गेट ड्रायव्हर, दोन आयआरएफ५४० ट्रान्झिस्टर पुशपुलमध्ये, लो पास फिल्टर. डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावलेल्या रेझिस्टरवर) २५ वॉट येतात, हीटसिंक कोमट राहतो. अँटेना इन्व्हर्टेड एल, १२ मीटर उभी आणि ३० मीटर आडवी वायर, खाली लोडिंग कॉइल, जमिनीत १६ रेडियल (पसरून पुरलेल्या वायरी). वेळ जीपीएसच्या पल्सवरून घेतो, सम मिनिट सुरू झालं की १ सेकंदाने ट्रान्समिशन सुरू.

प्रॉब्लेम असा की चार रात्री चालवून एकही स्पॉट (कुठल्या रिसीव्हरने ऐकल्याची नोंद) नाही. घरापासून साधारण ६० किलोमीटरवर एक सार्वजनिक किवीएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर) आहे, तो उघडला तर वॉटरफॉलवर (फ्रीक्वेन्सीच्या सरकत्या चित्रावर) माझी रेघ अगदी ठसठशीत दिसते, बीकन बंद केला की जाते, चालू केला की येते, म्हणजे ती माझीच. पण त्याच किवीचं व्हिस्पर डिकोडर चालवलं तर शून्य. सिग्नल एवढा जोरात असून डिकोड होत नाही म्हणजे मी पाठवतोय ते चुकीचं पाठवतोय एवढं कळतं, पण कुठे ते सापडत नाहीये. सिम्बॉल (एका वेळी पाठवायचा चारपैकी एक टोन) जेटीएन्कोड लायब्ररीतून येतात, ते मी कॉम्प्युटरवर बनवलेल्या सिम्बॉलशी पडताळून पाहिले, १६२ च्या १६२ जुळतात. कुणाला काही सुचतंय का?

कोथरूडकर७३

सिम्बॉल जुळतायत आणि वेळ जीपीएसवर आहे म्हणजे राहिलं फक्त टोनमधलं अंतर आणि सिम्बॉलची लांबी. एक काम कर, किवीवर ४७४.२ ला यूएसबी (अप्पर साइडबँड) मोड लावून त्याचा ऑडिओ कॉम्प्युटरवरच स्पेक्ट्रम लॅब या प्रोग्राममध्ये घे, रिझोल्यूशन अगदी बारीक ठेव आणि रेघेची रुंदी मोज. किवीच्या स्वतःच्या वॉटरफॉलवर एवढं बारीक कळणार नाही. व्हिस्परची रेघ जवळपास ६ हर्ट्झ रुंद असायला हवी. आणि कोडमध्ये टोन स्पेसिंग काय दिलंयस ती ओळ इथे टाक.

मकाशेत

मोजली. दीड ते दोन हर्ट्झ, त्यापेक्षा जास्त नाहीच. स्पेसिंग १४६ दिलंय, लायब्ररी हर्ट्झच्या शंभराव्या भागात आकडा घेते म्हणून १.४६ हर्ट्झ. उदाहरणातल्या कोडमध्येही हाच आकडा आहे.

कोथरूडकर७३

सापडलं मग. उदाहरणातला कोड एसआय५३५१ मधून थेट बँडची फ्रीक्वेन्सी काढतो, तू चौपट काढून चारने भागतोयस. भागाकार फक्त मधल्या फ्रीक्वेन्सीचा होत नाही, टोनमधल्या अंतराचाही होतो. तुझे १.४६ हर्ट्झ ७४एचसी७४ च्या पलीकडे ०.३६६ उरतात. चार टोनपैकी सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा यांत ४.४ हर्ट्झ फरक पाहिजे तिथे १.१ आहे. म्हणून रेघ बारीक.

हे नुसतं जवळ जवळ आलं म्हणून डिकोडर गोंधळतो असं नाही, त्यामागे हिशोब आहे. व्हिस्परचा एक सिम्बॉल ०.६८३ सेकंद टिकतो आणि टोनमधलं अंतर १.४६४८ हर्ट्झ आहे, हे दोन आकडे एकमेकांचे व्यस्त आहेत, मुद्दाम तसे ठेवलेत. ०.६८३ सेकंदात जेवढं बारीक ओळखता येतं तेवढंच अंतर दोन टोनमध्ये ठेवलंय, त्यामुळे एक टोन दुसऱ्याच्या खान्यात सांडत नाही. तू अंतर पाव केलंस की चारही टोन एकाच खान्यात येतात, मग सिग्नल कितीही जोरात असला तरी कुठला टोन होता हे कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा १४६ च्या जागी ५८६ टाक. ५.८६ भागिले ४ म्हणजे १.४६५, काम झालं. आणि चारने भागायची तुझी कल्पना सोडू नकोस, चांगली आहे, भागाकारात फेज नॉइज १२ डीबी खाली जातो आणि ड्यूटी सायकल नीट राहते.

तुझ्यासारखा क्लास डी अँप्लिफायर (ट्रान्झिस्टर नुसते चालू-बंद करणारा) चालतो का असं अजून कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो, चालतो. व्हिस्परमध्ये अँप्लिट्यूड हलतच नाही, फक्त फ्रीक्वेन्सी सरकते, त्यामुळे लिनियर अँप्लिफायरची गरज नाही. एसएसबी रिगमधून (आवाजासाठीच्या रेडिओ सेटमधून) करायला गेलास तर ऑडिओ लेव्हल, एएलसी, ट्रान्सव्हर्टर हे सगळं सांभाळत बसावं लागतं. थेट सिंथेसायझरमधून टोन काढणं खालच्या बँडवर फार स्वच्छ पडतं.

मला या मोडचं फार अप्रूप आहे. कॉलसाइनचे २८ बिट, लोकेटरचे (जागेच्या कोडचे) १५, पॉवरचे ७, असा जेमतेम ५० बिटांचा निरोप, आणि तो पावणेदोन मिनिटांहून जास्त वेळ घेऊन पाठवायचा, की २५०० हर्ट्झ रुंदीतल्या नॉइजच्या २८ डीबी खाली असला तरी वाचता यावा. बनवणारे जो टेलर म्हणजे पल्सारवरच्या (ठराविक तालात रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्यांवरच्या) कामासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवरही पल्सारचा अभ्यास चालतो, तिथली माणसंही नॉइजच्या ढिगातून ठराविक तालाचा सिग्नल उपसत असतात, विद्या एकच आहे.

दर्यावर्दी_रत्नागिरी

कोथरूडकरांनी रोग बरोबर पकडला आहे, आता मी अँटेनाबद्दल बोलतो. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो, ५०० किलोहर्ट्झवर आयुष्याची बरीच वर्षं गेली, तेव्हा हा बँड माझ्यासाठी जुन्या घरासारखा आहे. आमच्या रेडिओ रूममधल्या घड्याळावर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांवर लाल पट्टे असायचे, त्या तीन तीन मिनिटांत ५०० वर कुणी पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं, कुणी बुडत असेल तर त्याचा क्षीण आवाज दबू नये म्हणून. बॉम्बे रेडिओला, म्हणजे व्हीडब्ल्यूबीला, ५०० वर हाक मारायची आणि मग ४२५, ४५४, ४६८ अशा वर्किंग फ्रीक्वेन्सीवर सरकायचं. त्यातली ती ४६८ तुमच्या बँडच्या अगदी अंगणात आहे. १ फेब्रुवारी १९९९ ला जीएमडीएसएस (जहाजांची नवी आपत्कालीन रेडिओ व्यवस्था) पूर्ण लागू झालं आणि जहाजांवरचं ते ऐकणं संपलं. आता तिथेच शेजारी तुम्ही मुलं मिनिटाच्या ठोक्याला सिग्नल सोडताय हे वाचून फार बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. बाळा, तुझी वायर १२ मीटर उंच आणि वेव्हलेंग्थ ६३० मीटर, पाव वेव्ह उभी करायची तर १५८ मीटरचा खांब लागेल. एवढ्या आखूड अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स (हवेत जाणाऱ्या पॉवरच्या वाट्याचा रेझिस्टन्स) तुझ्या इन्व्हर्टेड एलला साधारण ०.४ ओहम येतो. कॉइल, जमीन, झाडं यांचा लॉस मिळून ४५ ओहम धरला तर २५ वॉट घातल्यावर अँटेनात पाऊण अँपिअर जाईल आणि हवेत जातील फक्त ०.२२ वॉट. म्हणजे शंभरातला एक टक्काही नाही. यात वाईट वाटून घ्यायचं नाही, सगळ्यांचंच असंच असतं, पण सुधारायचं कुठे ते यातून कळतं. अँप्लिफायर दुप्पट करण्यापेक्षा लॉस निम्मा करणं जास्त टिकाऊ. रेडियल वाढव, आडवी वायर एकाच्या जागी दोन समांतर कर, वायर झाडाच्या फांद्यांपासून लांब ने. पानं गळाल्यावर आणि गोठल्यावर झाडांचा लॉस कमी होतो असं थंड देशातले लोक सांगतात, ते तुला तिथे स्वतः मोजता येईल.

मोजायचं ते एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते) नाही, अँटेना करंट. फेराइट टोरॉइडवर करंट ट्रान्सफॉर्मर बनवून कॉइलच्या खालच्या टोकाला लाव. जहाजावर आम्ही अँटेना अँमीटर बघूनच ट्यून करायचो, काटा वर गेला की काम झालं.

कॉइल किती मायक्रोहेन्रीची आहे ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या वायरची कपॅसिटी २३० पिकोफॅरडच्या आसपास असावी, तिला ४७५ ला रेझोनन्समध्ये आणायला ४९० मायक्रोहेन्री लागतात. २५ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या बादलीवर २० सेंटिमीटर लांबीत ५० वेढे दिले की तेवढी होते. आत एक छोटी फिरणारी कॉइल बसव, व्हेरिओमीटर म्हणतात तो हाच, म्हणजे पाऊस बर्फ पडून कपॅसिटी बदलली की परत जुळवता येतं. आणि कॉइलच्या वरच्या टोकाला हात लावायचा नाही! पाऊण अँपिअरलाही तिथे हजार व्होल्टच्या वर असतात. आमच्या जहाजावर इन्सुलेटरवर मिठाचा थर बसला की रात्री ठिणग्या दिसायच्या, मग खलाशी वर चढून गोड्या पाण्याने पुसायचे. घरात मुलं असतील तर कॉइलभोवती कुंपण घाल, हे काम बीकन परत चालू करायच्या आधी कर.

अजून एक. स्क्वेअर वेव्हचा तिसरा हार्मोनिक मोठा असतो आणि ४७५.७ ची तिप्पट १४२७.१, म्हणजे थेट मीडियम वेव्ह ब्रॉडकास्टमध्ये. गाडीतल्या एएम रेडिओवर १४३० लावून बघ, बीकन चालू झाला की शिट्टी येते का. येत असेल तर फिल्टर पुरत नाही.

ऱ्हाइनकाठची

काकांचं पोस्ट दोनदा वाचलं. मी जर्मनीत असते, इथे मी जास्त करून २२०० मीटरवर (१३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ) ऐकते आणि थोडं पाठवते.

दादा, स्पेसिंग दुरुस्त केलंस तरी अजून एक गोष्ट तपासून घे. सिम्बॉलची लांबी तू कशी मोजतोस? कोडमध्ये नुसतं ६८३ मिलिसेकंद थांब असं लिहिलं असेल तर त्यात एसआय५३५१ ला नवी फ्रीक्वेन्सी सांगायचा वेळ धरलेला नसतो, छोट्या अर्दुइनोला ते गणित करून आयटूसी तारांवरून चिपला पाठवायला काही मिलिसेकंद लागतात. प्रत्येक सिम्बॉलला पाच जरी धरले तरी १६२ सिम्बॉलमध्ये ०.८ सेकंद होतात, म्हणजे शेवटाला तू एका सिम्बॉलहून जास्त मागे पडलास. जवळचा जोरदार सिग्नल तरीही डिकोड होईल, पण लांबचा, जो मुळात काठावर असतो, तो जाईल, आणि तुला वाटेल प्रॉपगेशन नाही. पूर्ण ट्रान्समिशन घड्याळ लावून मोज, ११०.६ सेकंद यायला हवं. टायमर इंटरप्टवर (अर्दुइनोच्या स्वतःच्या टायमरच्या ठोक्यावर) टाकलंस की प्रश्नच मिटतो.

निरोपात पॉवरच्या जागी तू बहुतेक ट्रान्समीटरची टाकली असशील. खालच्या बँडवर बरेच जण ईआयआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष निघणारी प्रभावी पॉवर) टाकतात, ती माहिती इतरांना उपयोगी पडते. काकांच्या ०.२२ वॉटला तीनने गुणायचं, कारण आखूड उभ्या अँटेनाचा आयसोट्रॉपिकच्या मानाने फायदा तेवढा असतो, म्हणजे ०.६६ वॉट, २८ डीबीएम (१ मिलिवॉटच्या मानाने डेसिबल). व्हिस्परमध्ये शेवटचा आकडा ०, ३ किंवा ७ च चालतो म्हणून २७ टाक. अमेरिकेत ६३० ला ५ वॉट ईआयआरपीची मर्यादा आहे, तिथून तू अजून बराच लांब आहेस.

आणि ६३० जमलं की २२०० चा विचार जरूर कर, पण तो डोंगर वेगळा आहे. काकांचंच गणित १३७.५ किलोहर्ट्झला लावलं तर १२ मीटर उंचीला, वर भरपूर वायर असली तरी, रेडिएशन रेझिस्टन्स ०.०५ ओहमसुद्धा भरत नाही, कॉइल जवळपास ६ मिलिहेन्रीची लागते आणि १ वॉट ईआयआरपीसाठी अडीच अँपिअरहून जास्त करंट, तेव्हा कॉइलच्या टोकाला १३ हजार व्होल्ट. तिथे ओल्या हवेत कोरोना (तारेभोवती विजेची निळसर झळाळी) दिसतो. म्हणून तिथे पॉवर वाढवण्याऐवजी वेळ वाढवायचा. पूर्वीपासून क्यूआरएसएस आहेच, मोर्सचा एक डॉट ३ सेकंद, १० सेकंद, ६० सेकंदसुद्धा, आणि समोरचा स्पेक्ट्रोग्रामवर डोळ्यांनी वाचतो. मला ते अजूनही आवडतं, रात्रभर एखादं कॉलसाइन अक्षर अक्षर उमटत जातं. आता डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रोग्राममध्ये एफएसटी४डब्ल्यू हा मोड आहे, १२० सेकंदांपासून १८०० सेकंदांपर्यंत. अर्ध्या तासाच्या प्रकारात पूर्ण सिग्नल अर्ध्या हर्ट्झपेक्षाही अरुंद असतो आणि व्हिस्परपेक्षा पंधराएक डीबी खालचं वाचतो.

तिथे मात्र क्रिस्टल चांगला हवा. टोनमधलं अंतर ०.०९ हर्ट्झ, १३७ किलोहर्ट्झला ते ०.६५ पीपीएम (दहा लाखातला भाग) होतं, एवढं अर्धा तास हलता कामा नये. चांगला टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न हलणारा क्रिस्टल ऑसिलेटर) बंद डब्यात ठेवला तर निभतं, ६३० ला जीपीएसला बांधलेला ऑसिलेटर बरा. तुझ्या व्हिस्परला याची काही गरज नाही, ४७५ ला ५ पीपीएम सरकला तरी अडीच हर्ट्झ होतात, आणि दोन मिनिटांत तेवढा कुठला सरकायला.

संध्याकाळी प्रॉपगेशन उघडलंय का हे बघायला आम्ही मागडेबुर्गजवळचा डीसीएफ३९ ऐकतो, १३८.८३ किलोहर्ट्झला, वीज नेटवर्कला कंट्रोल सिग्नल पाठवणारा, तो वर चढला की बसायचं. तुझ्याकडे विमानतळांचे एनडीबी (विमानांना दिशा दाखवणारे बीकन) त्या कामाला येतील.

विदर्भातला_विद्यार्थी

मी नुकतीच एएसओसीची (हॅम रेडिओच्या परीक्षेची) तयारी सुरू केलीय, लायसन्स अजून नाही. या बँडवर नुसतं ऐकायचं असेल तर कशाने सुरुवात करावी? माझ्याकडे साधा आरटीएल-एसडीआर (कॉम्प्युटरला लावायचा रिसीव्हर डोंगल) आहे. आमच्याकडे मीडियम वेव्हचं मोठं ट्रान्समीटर आहे, त्याने सगळं भरून जातं.

कोथरूडकर७३

डायरेक्ट सॅम्पलिंगवाला डोंगल असेल तर चालेल, पण पुढे ५५० किलोहर्ट्झच्या आसपास कापणारा लो पास फिल्टर लावल्याशिवाय ते ट्रान्समीटर तुला काही ऐकू देणार नाही. अँटेना म्हणून छोटा मिनी-व्हिप बनव, आणि तो घरापासून जमेल तेवढा लांब, उंच ठेव, एलईडी बल्ब आणि चार्जर यांची खरखर या बँडवर सगळ्यात जास्त असते. सुरुवातीला ५१८ किलोहर्ट्झवर आपल्या किनाऱ्यावरचं नॅव्हटेक्स पकडायचा प्रयत्न कर, जहाजांसाठीच्या हवामानाच्या सूचना असतात, मजकूर छापून येतो त्यामुळे रिसीव्हर किती चांगला चाललाय ते लगेच कळतं. एप्रिल मे मध्ये नको, वळवाच्या विजांची कडकड रात्रभर असते, डिसेंबर जानेवारीत पहाटे बस. तोवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघडून कान तयार कर, तो शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकवतो. पाठवायचं मात्र लायसन्स हातात आल्यावर, आणि त्यावर जे बँड आणि जी पॉवर असेल तेवढंच.

मकाशेत

तीन दिवसांनी लिहितोय, आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

५८६ टाकल्यावर पहिल्याच फेरीत किवीने डिकोड केलं, उणे ९ डीबी. रेघ मोजली, ६ हर्ट्झ. पण त्या रात्री लांबचे फक्त दोनच स्पॉट. मग ताई म्हणाल्या तसं ट्रान्समिशन मोजलं तर १११.५ सेकंद, म्हणजे बरोबर त्यांनी सांगितलेलाच गोंधळ. टायमर इंटरप्टवर टाकलं, ११०.६ आलं, आणि दुसऱ्या रात्री हवा तशीच असून अकरा वेगवेगळ्या रिसीव्हरनी ऐकलं, सगळ्यात लांबचा दीड हजार किलोमीटरवरचा, उणे २७ ला. पॉवर आता २७ डीबीएम टाकतो.

काका, गाडीच्या रेडिओवर १४३० ला शिट्टी येत होती. बारीक होती पण होती. फिल्टरला अजून एक सेक्शन जोडला, शिट्टी गेली, तरी ओळखीच्या एका हॅमकडे स्पेक्ट्रम अॅनालायझर आहे त्याच्याकडून तिसरा हार्मोनिक ४३ डीबीहून खाली आहे हे पक्कं करून घेतलं, इथला नियम तेवढा आहे. कॉइलभोवती जाळीचं कुंपण आणि दाराला कुलूप झालं, माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला प्रत्येक गोष्टीला हात लावायचा असतो, त्यामुळे तुमची ती ओळ वाचल्या वाचल्या बीकन बंद केला आणि आधी तेच काम केलं.

अँटेना करंट ०.७ अँपिअर येतोय, तुमच्या हिशोबाच्या अगदी जवळ. शनिवारी अजून १६ रेडियल पुरतो, जमीन गोठायच्या आत. काटा किती वर जातो ते इथे लिहितो.

दर्यावर्दी_रत्नागिरी

लिही. मी रोज बघतो. रेडियल टाकायच्या आधीचा आणि नंतरचा करंट एकाच पॉवरला मोज, आणि जोडांना नीट सोल्डर कर, नुसतं पिळून ठेवू नकोस.